पश्चिम जर्मनीतला अमेरिकन लष्करी संसार : पार्श्वभूमी

पहिल्या महायुद्धानंतरही १९२३ पर्यंत कोब्लेंझमध्ये अमेरिकन फौज होती आणि तिथे काही बायका-मुलंही राहून गेली. पण आज आपण ज्याला परदेशातलं लष्करी बिऱ्हाड म्हणतो, त्याची खरी सुरुवात १९४६ची.

त्या वर्षी जानेवारीत मनिलापासून फ्रँकफर्टपर्यंत अमेरिकन शिपाई रस्त्यावर उतरले. युद्ध संपलं, आता घरी पाठवा, एवढीच त्यांची मागणी. मायदेशी त्यांच्या बायका आधीच पेटल्या होत्या. गावोगावी ‘बाबांना परत आणा’ मंडळं निघाली आणि लोकप्रतिनिधींच्या टपालात तान्ह्या बाळांचे बूट येऊ लागले, सोबत बाळाच्या नावाने लिहिलेली चिठ्ठी. सगळ्यांना घरी आणता येत नव्हतं. मग उलटा विचार झाला: घरच तिकडे न्यावं. बाहेर सांगायचं कारण मनोधैर्य हे होतं. गुप्तरोगांचं वाढलेलं प्रमाण, काळा बाजार आणि जर्मन मुलींशी जुळलेली प्रकरणं ही कारणं बैठकीत बोलली जात. २८ एप्रिल १९४६ला पहिलं जहाज ब्रेमरहाफेनला लागलं.

ज्या देशात ही कुटुंबं उतरली तिथे त्याच महिन्यात अमेरिकेच्या ताब्यातल्या विभागात माणशी रोजचा शिधा १,५५० कॅलरींवरून १,२७५ वर आणला होता. राहायला घरं नव्हती, म्हणून जर्मनांची घेतली. हायडेलबर्ग जवळजवळ शाबूत राहिलेलं, त्यामुळे तिथे डोळा आधी गेला. फ्रँकफर्टमध्ये मुख्यालयाच्या आसपासच्या गल्ल्या रिकाम्या करून भोवती तारेचं कुंपण घातलं. मालकाने थोड्या मुदतीत निघायचं आणि पलंग-कपाटं तिथेच सोडायची. नव्या बिऱ्हाडकरूच्या हाती भांड्याकुंड्यांसकट यादी यायची आणि बदली झाली की त्याच यादीवर घर परत द्यायचं. मोलकरीण ठेवणं परवडायचं, कारण सुरुवातीला तिचा पगारही ताब्याच्या खर्चात, म्हणजे जर्मन तिजोरीत, धरला जायचा. अमेरिकेत स्वतः धुणं-भांडी करणारी सार्जंटची बायको इथे बाईसाहेब झाली.

सिगारेटचं एक कार्टन काळ्या बाजारात हजार मार्कांच्या वर जायचं. त्यात आपल्या फौजेने हातपाय मारू नयेत म्हणून खुद्द लष्करानेच अधिकृत अदलाबदलीची दुकानं काढली. कॉफी-सिगारेट द्यायची आणि कॅमेरा किंवा काचेचं सामान न्यायचं. १९४७ मध्ये टपालाने सिगारेट मागवायला बंदी आली आणि जून १९४८ मध्ये नवा मार्क आल्यावर तो धंदा बसला. पण त्या दोन वर्षांत कित्येक अमेरिकन घरांत जर्मन चिनीमातीचे टी-सेट कायमचे मुक्कामाला गेले.

कुटुंबं हा केवळ सोयीचा प्रश्न नाही, हे पहिल्यांदा कळलं ते १९४८च्या वसंतात. रशियन फौज बर्लिनचे रस्ते अडवू लागली तेव्हा बायका-मुलांना तिथून काढा, असा आग्रह वॉशिंग्टनमधून झाला. तिथल्या अमेरिकन लष्करी गव्हर्नरने नकार दिला. बायका गेल्या की बर्लिनकरांना आपण सोडून चाललो असंच वाटेल, हे त्याचं म्हणणं. कुटुंबं राहिली आणि विमानांनी आणलेल्या कोळशावर त्यांनीही हिवाळा काढला. तेव्हापासून कुणाची बायको-मुलं कुठे आहेत, हे मित्र आणि शत्रू दोघंही मोजू लागले.

कोरियाचं युद्ध पेटल्यावर १९५१ मध्ये आणखी चार डिव्हिजन जर्मनीत आल्या आणि घेतलेल्या घरांवर भागेना. मग वसाहती उठल्या: हायडेलबर्गला, मानहाइमला, म्युनिकच्या पेर्लाखर फोर्स्टमध्ये, कायझर्सलाउटर्नच्या फोगेलवेहमध्ये. जर्मनांची घरं हळूहळू परत गेली. खडकी किंवा देवळालीच्या छावणीत वाढलेल्या वाचकाला या वसाहतीत वाट चुकायची भीती नाही: एकसारख्या इमारती, हुद्द्याप्रमाणे क्वार्टर, कॅन्टीनच्या कार्डाची काळजी आणि साहेबाच्या मिसेसला शेजारणीपेक्षा अंमळ जास्त मान.

या इमारतींचा कारभार जिन्यावर चाले. एका जिन्याला सहा-आठ बिऱ्हाडं आणि त्यातला ज्येष्ठ हुद्द्याचा माणूस जिन्याचा मुकादम. पायऱ्या पुसायची, तळघरातली धुलाईची खोली वापरायची पाळी ठरलेली. पाळी चुकली की निरोप नवऱ्याच्या कंपनी कमांडरपर्यंत जायचा, म्हणजे पायरीवरचा चिखल थेट नोकरीच्या कागदात. वरच्या मजल्यावर मोलकरणींच्या छोट्या खोल्या बांधलेल्या होत्या. पगार स्वतःच्या खिशातून द्यायची वेळ आली तशा त्या खोल्या ओस पडल्या आणि अडगळीला किंवा मिसरूड फुटलेल्या मुलांना मिळाल्या.

वीज जर्मन, म्हणजे २२० व्होल्ट. इस्त्री, टोस्टर, शिवणयंत्र अमेरिकेहून आलेलं ११० चं. त्यामुळे प्रत्येक स्वयंपाकघरात ओट्याखाली एक धूड ट्रान्सफॉर्मर घुमत बसलेला असे. तो चुकून पायावर आपटला की बोट गेलंच. व्होल्टेज उतरवता येई, फ्रीक्वेन्सी बदलता येत नसे. साठच्या हिशेबाने बनवलेलं विजेचं घड्याळ पन्नासवर तासाला दहा मिनिटं मागे पडायचं, आणि रेकॉर्ड प्लेअरवर गाणारी बाई थकल्यासारखी गायची. बदली होऊन जाणारा आपला ट्रान्सफॉर्मर येणाऱ्याला विकून जाई. या वस्तूचा जुना बाजार कधी मंदावला नाही.

कॉफी, सिगारेट, दारू कार्डावर; पेट्रोल कुपनांवर. कॉफीवर मोजमाप असण्याचं कारण जर्मन कर. बाहेर ती इतकी महाग होती की पौंडभर कॉफी शेजारणीला ‘भेट’ देणं हा कायद्याने गुन्हा आणि व्यवहारात शेजारधर्म होता. शाळा १९४६च्या शरदातच सुरू झाल्या. लांबच्या तळांवरची मोठी मुलं आठवडाभर हायस्कूलच्या वसतिगृहात राहत आणि शुक्रवारी बसने घरी येत. तीन वर्षांनी बदली, पुन्हा नवी शाळा. वसाहतीबाहेर भाड्याने राहायची मुभा कुटुंबवाल्यांना असे. १ ऑक्टोबर १९५८ला ब्रेमरहाफेनला उतरलेल्या एका जगप्रसिद्ध गायक-शिपायाने वडील आणि आजी आपल्यावर अवलंबून असल्याचं दाखवून हीच मुभा घेतली आणि बाड नाउहाइममध्ये बिऱ्हाड केलं. नियमात बसत होतं. बराकीतल्या इतरांना काय वाटलं असेल ते सोडा.

या सगळ्या घडीला धक्का दिला तो १६ नोव्हेंबर १९६०च्या आदेशाने. त्याबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण आज तो जवळजवळ विसरला गेला आहे.

डॉलर तेव्हा सोन्याला बांधलेला होता, औंसाला ३५ डॉलर. ऑक्टोबरमध्ये लंडनच्या बाजारात सोनं ४० पर्यंत उसळलं आणि वॉशिंग्टनमध्ये धाबं दणाणलं. देशाबाहेर डॉलर कुठे कुठे जातात याची यादी झाली. तिच्यात परदेशी तळ ठळक होते, आणि तळांच्या खर्चात बायका-मुलं सहज हात घालता येण्याजोगी. निवडणूक होऊन आठवडा उलटला होता. मावळत्या अध्यक्षांना दोनच महिने उरले होते. त्यांनी फर्मान काढलं: परदेशात असलेल्या ४ लाख ८४ हजार कुटुंबीयांची संख्या २ लाखांवर आणा, १ जानेवारीपासून महिन्याला १५ हजारांनी. हा आकडा सगळ्या जगातल्या तळांचा होता, पण कुऱ्हाड पडणार होती ती मुख्यतः जर्मनीवर. त्याच सुमारास अमेरिकेचे अर्थमंत्री पश्चिम जर्मनीच्या राजधानीत, बॉनला, गेले आणि फौजेच्या खर्चापोटी वर्षाला साठ कोटी डॉलर मागून आले. जर्मन चॅन्सेलरांनी हात वर केले.

आदेश काढणाऱ्यांचं म्हणणं अगदीच पोकळ होतं असं नाही. परकीय चलन खरंच वाहत होतं, आणि पंधरा वर्षांपूर्वी तात्पुरती म्हणून केलेली सोय कायमची झाली होती. कोरियात शिपाई तेरा महिने एकटे राहून येत होते, मग युरोपातल्यांचेच लाड का, हा प्रश्नही रास्त होता. पण हिशेब कच्चा होता. ही कुटुंबं किराणा लष्करी दुकानातून डॉलरने घेत आणि सरकारी क्वार्टरमध्ये राहत. मार्क त्यांच्या हातून जायचे ते सहलीला, मोलकरणीला, कुकू घड्याळाला. कुटुंब घरी ठेवलं की शिपायाची मुदत कमी करावी लागणार, म्हणजे माणसांची ने-आण वाढणार. शिवाय एकटा शिपाई संध्याकाळी पगार कुठे उडवतो हे १९४५ मध्ये पाहून झालं होतं. सेनाप्रमुखांनी मनोधैर्याचा मुद्दा लावून धरला. अनुभवी सार्जंट करार संपला की परत सही करणार नाहीत, ही त्यांची भीती माझ्या मते सगळ्यांत खरी होती.

वसाहतींमध्ये त्या नाताळात काय झालं असेल याची कल्पना करता येते. कुणाला जायचं, कुणाला राहायचं, हे कळत नव्हतं. मायदेशी सामान बांधून बसलेल्या बायकांना नवऱ्याकडे जाता येईना. नव्या अध्यक्षांनी सूत्रं हाती घेतल्यावर दोनच आठवड्यांत, फेब्रुवारी १९६१च्या सुरुवातीला, आदेश मागे घेतला. बचत दुसरीकडून करू म्हणाले. पण ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली. युरोपात ४० हजार जादा सैनिक पाठवायचे ठरले आणि ऑक्टोबरमध्ये कुटुंबांचा युरोपचा प्रवास पुन्हा थांबला. हा बंदीहुकूम १९६२ मध्ये उठला. म्हणजे दीड वर्षात दोनदा तेच, एकदा सोन्याच्या नावाने, एकदा भिंतीच्या. एक गोष्ट मात्र दोन्ही वेळा टाळली गेली: तिथे असलेली कुटुंबं घाऊक परत बोलावली नाहीत. तसं केलं असतं तर मॉस्कोने त्याचा अर्थ युद्धाची तयारी असा घेतला असता आणि बॉनने पळ काढला असा.

तिथे राहणाऱ्यांना या मोठ्या हिशेबाचा आपला वाटा रोज दिसे. पँट्रीत कोरडं अन्न, घोंगड्या, कागदपत्रांचं पाकीट तयार ठेवायचं आणि गाडीची टाकी निम्म्याखाली जाऊ द्यायची नाही. वेळ आलीच तर बायकोने मुलं घालून पश्चिमेकडे गाडी हाकायची. नवरा तेव्हा विरुद्ध दिशेला निघालेला असणार. अधूनमधून तपासणी व्हायची आणि घोंगड्या कमी भरल्या तर बोलणी बसायची.

खर्चाचा वाद पुढे वेगळ्या वाटेने सुटला. साठ कोटी नाकारणाऱ्या बॉनने १९६१पासून अमेरिकन शस्त्रं विकत घेऊन भरपाई करायला सुरुवात केली. १९६७ मध्ये फ्रान्सने तळ रिकामे करायला लावले तेव्हा तिथली बिऱ्हाडं उठली, काही राइन ओलांडून आली. मग डॉलर घसरला: साठच्या दशकात चार मार्क देणारा डॉलर १९७८ मध्ये दोनच्याही खाली गेला. क्वार्टरमध्ये राहणाऱ्याला त्याची झळ कमी. कनिष्ठ हुद्द्याच्या पोराने बायकोला सरकारी मंजुरीशिवाय स्वतःच्या पैशाने आणलं असेल तर त्याला क्वार्टरही नाही आणि भाडं मार्कांत. अशी जोडपी खेड्यातल्या थंड माळ्यावर राहत. कृष्णवर्णीय शिपायांना तर खोली रिकामी असूनही घरमालक दार दाखवत. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्यावर बराच गदारोळ झाला. मोलकरणींच्या खोल्या बांधणाऱ्यांनी या पिढीचा विचार केला नव्हता.

१९९०च्या शेवटी जर्मनीतल्या फौजेचा मोठा हिस्सा आखातात गेला आणि कुटुंबं परक्या देशात एकटी मागे राहिली. पुढच्या वीस वर्षांत वसाहती एकेक बंद झाल्या. हायडेलबर्ग २०१३ मध्ये सुटलं आणि तिथली लष्करी वसाहत लवकरच निर्वासितांच्या नोंदणीसाठी वापरात आली. कायझर्सलाउटर्नच्या परिसरात अजून ५० हजारांच्या आसपास अमेरिकन राहतात. जुलै २०२० मध्ये जर्मनीतून सुमारे १२ हजार सैनिक हलवायची घोषणा झाली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये नव्या प्रशासनाने ती थोपवली. साठ वर्षांपूर्वीचाच महिना, तोच प्रकार.

पूर्वेकडे मात्र १९६०च्या आदेशातली कल्पना न बोलता अमलात आली आहे. २०१७पासून पोलंडमध्ये जाणारी चिलखती ब्रिगेड नऊ महिन्यांच्या पाळीने येते-जाते, कुटुंबांशिवाय. तिथे शाळा नाहीत, क्वार्टर नाहीत. दर नऊ महिन्यांनी रणगाड्यांसकट ब्रिगेड समुद्रापार नेणं खरंच स्वस्त पडतं का, यावर तोच जुना वाद पुन्हा सुरू आहे.