ताउंगच्या मुलाचा दगडी मेंदू

जोहान्सबर्गच्या विटवॉटर्सरँड विद्यापीठात ओंजळीत मावेल एवढा एक दगड जपून ठेवला आहे. एका बाजूने पाहिलं तर त्यावर मेंदूच्या वळ्या आणि रक्तवाहिन्यांच्या खुणा उमटलेल्या दिसतात. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर नुसते चमचमणारे स्फटिक.

मेंदू टिकत नाही, मरणानंतर लवकरच कुजून जातो. पण वीस लाखांहून अधिक वर्षांपूर्वी एका लहान मुलाची कवटी चुनखडीच्या कपारीत जाऊन पडली. तिच्यात वाळू आणि चुन्याचं पाणी झिरपत राहिलं, आत साठलेला गाळ कवटीच्या आतल्या भिंतीचा ठसा घेऊन घट्ट झाला, आणि जी पोकळी उरली तिच्यात कॅल्साइटचे स्फटिक वाढले. साच्यातून मूर्ती काढावी तसा मेंदूचा आकार दगडात उतरला.

हा दगड १९२४ साली दक्षिण आफ्रिकेतल्या ताउंग गावच्या चुनखडीच्या खाणीतून एका खोक्यात भरून शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक रेमंड डार्ट यांच्या घरी आला. त्या दिवशी घरात मित्राचं लग्न होतं. अंगावर लग्नाचे कपडे असतानाच डार्ट यांनी खोकं उघडलं. मेंदूचा ठसा त्यांनी ओळखला, तो ज्या खडकात नेमका बसत होता तो खडकही शोधला, आणि मग कित्येक आठवडे विणकामाच्या सुईसारख्या साध्या हत्यारांनी तो खडक कोरत राहिले. नाताळच्या तोंडावर आतून एक चेहरा बाहेर आला, दुधाचे दात असलेला.

मेंदूचं आकारमान भरलं सुमारे ४०५ घनसेंटिमीटर. अर्ध्या लिटरच्या दुधाच्या पिशवीपेक्षाही कमी. आपल्या मेंदूला सरासरी १३५० घनसेंटिमीटर, म्हणजे पावणेतीन पिशव्या लागतात. तरीही फेब्रुवारी १९२५ मध्ये डार्ट यांनी जाहीर केलं की हा माणसाच्या वाटेवरचा जीव आहे. नाव दिलं ऑस्ट्रेलोपिथेकस आफ्रिकानस. त्यांचा एक मुद्दा मेंदूवरच्या खाचेचा होता. ती माणसासारखी मागे सरकली आहे, असं ते म्हणत, आणि त्यावर पुढे मेंदूच्या ठशांचे अभ्यासक राल्फ हॉलोवे आणि डीन फाल्क यांच्यात अनेक वर्षं वाद झाला. दुसरा मुद्दा मला जास्त भक्कम वाटतो. मज्जारज्जू ज्या छिद्रातून कवटीबाहेर पडतो, ते छिद्र वानरांत मागच्या बाजूला असतं, आपल्यात खाली, डोकं मानेवर तोललेलं राहावं म्हणून. ताउंगच्या मुलात ते पुढे सरकलेलं होतं. मेंदू वानराएवढा, पण चाल दोन पायांवरची.

हे पचणं अवघड होतं. आधी मेंदू वाढला, मग बाकी सगळं बदललं, अशी तेव्हाची समजूत होती. तिला आधार होता १९१२ मध्ये इंग्लंडात पुढे आलेल्या पिल्टडाउनच्या कवटीचा, जिचा मेंदू मोठा आणि जबडा वानराचा. तो जबडा खरोखरच ओरांगउटानचा होता आणि दात कानशीने घासलेले होते, हे १९५३ मध्ये उघड झालं. एका बनावट कवटीपायी खऱ्या कवटीला इतकी वर्षं ताटकळावं लागलं, याचं मला आजही वाईट वाटतं. डार्ट यांचे कडवे विरोधक आर्थर कीथ यांनी मात्र १९४७ मध्ये आपली चूक मोकळेपणाने मान्य केली.

याच कीथ यांनी ७५० घनसेंटिमीटरची रेषा आखली होती. तिच्या पलीकडे माणूस, अलीकडे वानर. आकडा काढायची जुनी रीत अगदी घरगुती होती. कवटीची भोकं कापसाने बुजवायची, आत मोहरी ओतायची, हलवून दाबून बसवायची आणि मग मापात रिकामी करायची. मोहरी कमी-जास्त दाबली की आकडा बदलायचा. आता सीटी स्कॅन करून संगणकावर पोकळी मोजतात. पण कवटीच अर्धी असेल तर स्कॅन तरी काय करणार? १९८२ मध्ये भूवैज्ञानिक अरुण सोनकिया यांना मध्य प्रदेशात नर्मदेकाठी हथनोऱ्याला एका प्राचीन माणसाच्या कवटीचा वरचा भाग मिळाला, तोही मुख्यतः उजवीकडचा. त्याच्या मेंदूचे अंदाज ११५५ पासून १४२१ घनसेंटिमीटरपर्यंत जातात.

रेषा तर केव्हाच पुसली गेली. जॉर्जियातल्या द्मानिसीत सुमारे १८ लाख वर्षांपूर्वी ५४६ घनसेंटिमीटरइतक्या छोट्या मेंदूचीही माणसं आफ्रिकेबाहेर पोहोचून दगडी हत्यारं वापरत होती. दक्षिण आफ्रिकेतल्या रायझिंग स्टार गुहेतला होमो नालेडी नावाचा प्राचीन मानव जेमतेम तीन लाख वर्षांपूर्वीचा, तरी मेंदू ४६५ ते ६१० घनसेंटिमीटर. त्याच सुमारास मोरोक्कोत जवळपास आपल्याएवढ्या मेंदूची माणसं नांदत होती. शिवाय मोठा मेंदू पोसणं महाग पडतं. आपल्या वजनाच्या दोन टक्के असलेला हा अवयव विसावलेल्या शरीराच्या ऊर्जेचा पाचवा हिस्सा खातो. जिथे अन्न बेताचं, तिथे छोट्या मेंदूने लाखो वर्षं संसार केला असेल, तर त्याला अपुरा कशाला म्हणायचं?

ताउंगचं मूल गेलं तेव्हा तीन-चार वर्षांचं होतं. पहिली पक्की दाढ नुकतीच फुटत होती. मोठं झालं असतं तर मेंदू ४४० घनसेंटिमीटरच्या आसपास गेला असता, म्हणजे बहुतेक वाढ होऊन चुकली होती. त्याच्या डोळ्यांच्या खोबणीत बारीक खुणा आहेत. आजचे गरुड माकडांची शिकार करतात तेव्हा माकडांच्या कवटीवर अगदी तशाच खुणा राहतात.