काळवंडणाऱ्या काचेकडून अणुभट्टीचं तापमान

गावात इंटरनेटची केबल जोडणारा माणूस फायबरवरचं प्लास्टिक सोलतो, स्पिरिटने पुसतो, आणि उरते ती 125 मायक्रॉन जाडीची काच. उन्हात तिरकी धरली तरच दिसते. असा फायबर आपल्या वाळूजला तयार होतो. त्याच जातीची काच अणुभट्टीतलं तापमानही सांगू शकते, हे मात्र मराठवाड्यातल्या फार थोड्यांना माहीत असतं.

आजवर हे काम प्रामुख्याने थर्मोकपल करत आलं आहे: दोन वेगळ्या धातूंच्या जोडलेल्या तारा. पण न्यूट्रॉनच्या माऱ्यात धातूच बदलतो. टंगस्टन-ऱ्हेनियमच्या तारेतल्या ऱ्हेनियमचं हळूहळू ऑस्मियम होतं आणि आकडा चुकायला लागतो. शिवाय एक जोड एकाच जागेचं तापमान सांगतो.

काचेलाही तिथे सुख नाही. साधं प्लास्टिकचं आवरण त्या उष्णतेत टिकत नाही, म्हणून पॉलिइमाइडचा किंवा सोन्याचा लेप देतात. गॅमा किरणांनी काच काळवंडते आणि प्रकाश वाटेतच शोषला जातो. फायबरच्या गाभ्यात, म्हणजे प्रकाश वाहून नेणाऱ्या मधल्या भागात, फॉस्फरस असेल तर फारच लवकर. म्हणून गाभा शुद्ध सिलिकाचा किंवा फ्लोरिन मिसळलेला घेतात.

तरी काच थोडी काळवंडतेच. इथे ब्रॅग ग्रेटिंग कामाला येतं, आणि मला या सगळ्यात सर्वांत देखणी वाटते ती हीच युक्ती. 1978 मध्ये कॅनडात केन हिल आणि सहकाऱ्यांनी फायबरच्या गाभ्यात असं ग्रेटिंग पहिल्यांदा तयार केलं. गाभ्यात ठराविक अंतरावर अपवर्तनांक किंचित बदललेले पट्टे असतात. 1550 नॅनोमीटरच्या प्रकाशासाठी हे अंतर अर्ध्या मायक्रॉनहून जरासं जास्त, म्हणजे एका सेंटिमीटरमध्ये अठरा हजारांवर पट्टे! त्यांच्यावरून एकच तरंगलांबी परत फिरते, बाकीचा प्रकाश पुढे जातो. तापमान 1 अंशाने वाढलं की परतणारी तरंगलांबी सुमारे 0.01 नॅनोमीटरने सरकते. मोजायचं ते हे सरकणं, प्रकाश किती आला ते नव्हे. काळवंडलेल्या काचेतून निम्माच प्रकाश परतला, तरी तरंगलांबी वाचता येते. एकाच फायबरवर वेगवेगळ्या अंतरांची ग्रेटिंग कोरली की अनेक जागा एकदम मोजता येतात. अतिनील किरणांनी कोरलेले साधे पट्टे जास्त तापमानात पुसट होतात. फेम्टोसेकंद लेझरने, म्हणजे अतिशय क्षणिक झोतांच्या लेझरने, कोरलेले कितीतरी जास्त उष्णता सोसतात.

ग्रेटिंगशिवायही काम होतं. रामन परिणामामुळे विखुरलेल्या प्रकाशावरून अख्ख्या फायबरभर कुठे किती तापलं ते कळतं. कल्पक्कमच्या फास्ट ब्रीडर अणुभट्टीत उष्णता वाहून नेतो तो द्रव सोडियम, जो हवा लागली की पेटतो. त्याची गळती अशा फायबरने हुडकण्यावर तिथल्या संशोधकांनी काम केलं आहे.

भट्टीच्या गाभ्यात मात्र अजून एक अडचण आहे. न्यूट्रॉनच्या माऱ्याने काच स्वतःच किंचित आकसते, घट्ट होते, पट्ट्यांमधलं अंतर बदलतं आणि तापमान न बदलताही तरंगलांबी सरकते. हे सरकणं उष्णतेचं की न्यूट्रॉनचं, हे वेगळं काढता यावं म्हणून संशोधन-अणुभट्ट्यांमध्ये फायबर आणि थर्मोकपल शेजारी-शेजारी बसवून दोघांचे आकडे ताडून पाहतात.