रोलचा दाब की पट्टीची ओढ? कोल्ड रोलिंगमधलं जुनं भांडण

पापडाचं पीठ घट्ट, म्हणून त्याला बारीक लाटणं लागतं, जाड लाटण्याखाली ते सरकायलाच मागत नाही. कोल्ड रोलिंग म्हणजे थंड पोलादाची पट्टी दोन रोलांमधून (पोलादी लाटण्यांमधून) काढून बारीक करणं, आणि तिथेही अडचण हीच. रोल मोठा असला की पट्टीचा जास्त भाग एकदम दाबला जातो, घर्षण त्याला दोन्हीकडून आत धरून ठेवतं आणि मधे दाबाचा डोंगर उभा राहतो. या डोंगराचं समीकरण फॉन कारमानने (हो, तोच विमानशास्त्रवाला) 1925 मधे मांडलं. आणि दाब फार वाढला तर रोलच चपटा होतो, मग संपर्क वाढतो, दाब आणखी वाढतो, पट्टीची जाडी मात्र आहे तेवढीच.

उपाय मात्र कारखान्यातून आले. अमेरिकेत एब्रम स्टेकलने 1920 च्या दशकात बारीक वर्क रोल (पट्टीला टेकणारे) लावले, मागे त्यांना आधार द्यायला जाड बॅकअप रोल, आणि वर्क रोलना मोटरच नाही, पट्टी पुढच्या रीलने (गुंडाळणाऱ्या चाकाने) ओढून काढायची. ढोबळ हिशोब असा की जितकी ओढ द्याल तितका दाब कमी लागतो. पण सगळी ताकद पट्टीतूनच जाणार, त्यामुळे एका पासमधे (एका फेरीत) फार बारीक करायला गेलं की पट्टी तुटते.

मग पोलंडचे तादेउश सेन्झिमिर. त्यांनी रोल अजून बारीक केला, तो वाकू नये म्हणून मागे रोलांची उतरंड रचली, वीस रोलच्या मिलमधे वर दहा, खाली दहा. ओढ त्यांनीही सोडली नाही, पण ताकद आता रोलमधूनही मिळायला लागली.

1948 मधे ब्लँड आणि फोर्ड या संशोधकांनी ही ओढ (टेन्शन) धरून रोलच्या दाबाचं (रोल फोर्सचं) गणित सोपं करून दिलं. मागची ओढ (पट्टी रोलमधे शिरते त्या बाजूची) पुढच्या ओढीपेक्षा दाब जास्त उतरवते, पण अती झाली की रोल घसरतो. 1953 मधे स्टोनने किमान जाडीचं, म्हणजे ज्याखाली पट्टी बारीक होतच नाही त्या जाडीचं, सूत्र दिलं, त्यात रोलचा व्यास, घर्षण आणि धातूच्या ताकदीतून ओढ वजा, तिन्ही एकत्र. मला हे सगळ्यात आवडतं, कारण पट्टीवर पामतेल का ओतायचे (घर्षण कमी करायला) तेही त्यातच कळतं. किचनमधली ॲल्युमिनियम फॉइल शेवटच्या पासला दुहेरी लाटतात तीही याच मर्यादेमुळे, एकमेकींना टेकलेली आतली बाजू म्हणून निस्तेज.

पुढे सोव्हिएत संघात विद्रिन यांनी दोन रोल वेगवेगळ्या स्पीडने फिरवले, म्हणजे वरचं घर्षण एकीकडे, खालचं दुसरीकडे, आणि डोंगर जवळजवळ सपाट.