पडद्यावर दिसतं ते मेल्टडाउन की नुसता हट्ट?

सिनेमात ऑटिस्टिक (स्वमग्न) मूल किंचाळताना दाखवायचं असलं की बऱ्याचदा हट्टाचंच दृश्य लिहिलं जातं आणि त्याच्यावर ऑटिझमचं लेबल चिकटवलं जातं. लांबून हट्ट आणि मेल्टडाउन दोन्ही सारखीच दिसतात: रडणं, जमिनीवर लोळण, हाताला येईल ते फेकणं.

हट्टाला काहीतरी हवं असतं. मूल रडता रडता मध्येच आईकडे बघून घेतं. कोणी लक्ष देत नाही म्हटल्यावर आवाज उतरतो आणि खेळणं हातात पडलं की सगळं शांत. मेल्टडाउनला मागणीच नसते. आवाज, उजेड, गर्दी, ऐनवेळी बदललेला बेत असं साचत जातं आणि एका क्षणी मेंदूला आवरेनासं होतं. कोणी बघतंय का याचं भान नसतं, आवडती वस्तू दिली तरी फरक पडत नाही, एरवी नीट बोलणाऱ्यालाही शब्द सापडत नाहीत. ओसरल्यावर माणूस गळून जातो, कधी तिथेच झोपतो. ते मोठ्या माणसांनाही होतं, हे तर पडद्यावर क्वचितच दिसतं. अर्थात ऑटिस्टिक मुलं हट्टही करतात, आणि ताणला गेलेला हट्ट मेल्टडाउनपर्यंत जाऊ शकतो.

पटकथेत चूक होते ती किंचाळीच्या आधी. कान झाकणं, येरझारा, हातांची वाढलेली फडफड, एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणणं, प्रश्नाला उत्तर न देणं या खुणा गाळल्या, की प्रेक्षकाला वाटतं, काही कारण नसताना पोरगं बिथरलं. दुसरी चूक नायकाच्या मिठीची. व्हायोलिन वाजतं, मिठी मारली जाते, मूल शांत! आधीच स्पर्श-आवाजांनी भरून गेलेल्या माणसाला न विचारता मारलेली मिठी म्हणजे आणखी एक भार.

याहून वाईट म्हणजे जबरदस्ती. २०२१च्या ‘म्युझिक’ या सिनेमात ऑटिस्टिक मुलीला पालथं पाडून दाबून धरणं हे मदत म्हणून दाखवलं होतं. अशा पकडीत श्वास कोंडून माणसं दगावलेली आहेत. टीका झाल्यावर दिग्दर्शिका सिया यांनी माफी मागितली आणि ती दृश्यं काढण्याचं जाहीर केलं.

त्याच्या उलट पिक्सारचा ‘लूप’ हा २०२०चा लघुपट. तळ्यात होडीत बसलेली ऑटिस्टिक रेने बोलत नाही. तिला आवाज देणारी मुलगीही ऑटिस्टिकच आहे. मोटरबोटीच्या आवाजाने रेनेला मेल्टडाउन होतं आणि शेवटी ती किनाऱ्यावर उलट्या होडीखाली जाऊन बसते. सोबतचा मार्कस तिला ओढून बाहेर काढत नाही. तो थोड्या अंतरावर बसून राहतो.

लिहिणाऱ्याने एवढं केलं तरी पुष्कळ: किंचाळीआधी ट्यूबलाइटची गुणगुण, खुर्च्यांची खरखर हळूहळू वर आणा आणि संवाद त्यात बुडू द्या. मग दिवा मालवणारं, गर्दी हटवणारं आणि तोंड बंद ठेवणारं एखादं पात्र ठेवा. पुढच्या सीनमध्ये त्या व्यक्तीला लगेच हसवू नका; थकलेली राहू द्या.