‘डोळा’ छापलं, ‘डोया’ वाचलं : खानदेशातल्या पहिल्या वाचनाची पार्श्वभूमी

पहिलीच्या मुलासमोर ‘डोळा’ हा शब्द ठेवला. पारोळ्याकडचं किंवा साक्रीकडचं मूल तो बघतं आणि ‘डोया’ म्हणतं. (शेजारी चित्र असेल तर ते आधी झाकावं, नाहीतर मूल शब्द वाचतंय की चित्र, हे कळत नाही.) चित्र झाकूनही ‘डोया’च आलं, तर त्यात चुकलं काय? अक्षरं ओळखली, अर्थ लागला आणि शब्द घरच्या उच्चारात बाहेर आला. खानदेशातल्या अहिराणी बोलीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो, जळगावकडच्या लेवा बोलीतही येतो. शाळा ती शाया, काळा तो काया, गूळ तो गूय. तरी वर्गात ही चूकच धरली जाते. दुरुस्ती होते उच्चाराची, पण मूल मनाशी धरतं ते ‘आपल्याला वाचता येत नाही’ हे. वाचणं आणि ‘शुद्ध’ बोलणं ही दोन कामं एकाच खुंट्याला बांधली गेली, त्याला दोनशे वर्षं होत आली.

पंतोजींच्या गावठी शाळेत हा घोळ नव्हता. दुसरे घोळ भरपूर होते, छडीपासून सुरुवात. अक्षरारंभ ‘ॐ नमः सिद्धम्’ने होई, ‘ओनामा’ हा शब्द त्यातूनच आला. फळीवर बारीक धूळ पसरायची, काडीने अक्षर गिरवायचं, हाताने पुसून पुन्हा गिरवायचं, ही धुळपाटी. शिकायचं ते कामापुरतं: उजळणी, पाढे, हिशेब आणि मोडीतली पत्रं. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद फारसा पाळत नसत. मजकूर लागला, आकडा जुळला की काम झालं. गोष्टीचं पुस्तक मोठ्याने वाचून दाखवणं हा तिथला विषयच नव्हता.

१८१८ मध्ये खानदेश कंपनी सरकारकडे गेला. पुढे सरकारी शाळा आल्या आणि त्यांच्याबरोबर बाळबोधीत छापलेली क्रमिक पुस्तकं आली. छापखान्याला शब्दाचं एकच रूप लागतं. ते रूप ठरलं पुण्याच्या शिकलेल्या वर्गाच्या मराठीवरून. मोल्सवर्थचा शब्दकोश १८३१चा. त्याची १८५७ची दुसरी आवृत्ती आणि मेजर कँडी यांच्या देखरेखीखालची शालेय पुस्तकं यांनी ती घडी पक्की केली. त्यात वाईट हेतू शोधण्याची गरज नाही, प्रमाण रूप कुठलं तरी एक लागतंच. पण तापीकाठचं मूल त्या दिवसापासून दुसऱ्याची बोली वाचू लागलं, आणि ती दुसऱ्याची आहे हे त्याला कुणी सांगितलं नाही.

अहिराणीचं नेमकं काय करायचं, हे अभ्यासकांनाही चटकन ठरवता आलं नाही. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणात खानदेशी (अहिराणी तिच्यातच धरलेली) आली ती १९०७ च्या खंडात, भिल्ल बोलींच्या सोबत, मराठीच्या खंडात नव्हे. जनगणनेत २००१ साली खानदेशी गटातली मातृभाषा सांगणारे सुमारे २०.७ लाख होते, २०११ मध्ये सुमारे १८.६ लाख. दहा वर्षांत माणसं वाढली आणि बोली सांगणारे घटले. मोजणी करणाऱ्यापुढे ‘मराठी’ म्हणणं बऱ्याच घरांना बरं वाटलं असावं, असं या आकड्यांवरून वाटतं.

एक बदल मात्र मुलांच्या पथ्यावर पडला. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे १४ नियम १९६२ मध्ये आले, १९७२ मध्ये ४ वाढले. त्यांनी न उच्चारलेले अनुस्वार काढले. ‘नांव’चं ‘नाव’ झालं, ‘कांहीं’चं ‘काही’ झालं. लिहिलेलं पण न म्हणायचं चिन्ह गेलं, म्हणजे नवख्या वाचकाच्या वाटेतला एक खडा गेला. ‘बालभारती’ची स्थापना २७ जानेवारी १९६७ची, त्यामुळे राज्यभर एकच पुस्तक पोचलं. त्याच पाठ्यपुस्तकांत बहिणाबाई चौधरींच्या कविताही आल्या. असोद्याच्या बहिणाबाईंना (१८८०-१९५१) लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी मुलगा सोपानदेव आणि इतरांनी टिपली, संग्रह १९५२ मध्ये निघाला. आता विद्यापीठालाही त्यांचं नाव आहे. गंमत अशी की तीच बोली कवितेच्या तासाला ‘गोड’ आणि पुढच्या तासाला ‘अशुद्ध’.

मंद मुलाला मराठीत चक्क एका अक्षराचं नाव आहे, ‘ढ’. ब्राह्मीपासून आजपर्यंत या अक्षराचा आकार जवळजवळ बदलला नाही म्हणून, असं कारण सांगतात. हे नाव पडतं ते साधारण पहिली-दुसरीत आणि पडतं ते वाचनावरूनच. १९८६ मध्ये कीथ स्टॅनोविच यांनी ‘मॅथ्यू परिणाम’ मांडला: ज्याला सुरुवातीला वाचन जमतं तो अधिक वाचतो, शब्द वाढतात, आणखी जमतं, ज्याला अडतं तो टाळतो आणि दरी रुंदावत जाते. अमळनेरच्या किंवा शहाद्याच्या वर्गात या चक्राला आणखी एक दाता आहे, बोलीचा. मोठ्याने वाचायची पाळी आली की पोऱ्या गप्प होतो, आवाज पडतो. त्याला भीती अक्षरांची नसून हसं होण्याची असते. आता मोबाइलवर अहिराणी भरपूर ऐकू येते, पण ती बहुतेक विनोदी व्हिडिओंत आणि लग्नातल्या गाण्यांत. आपली बोली हसवायला चालते, शिकायला नाही, एवढंच मुलाला त्यातून कळतं.

अक्षरं शिकवायचं तंत्र या काळात बदललं. बोर्डी आणि पुढे कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाडी मुलांच्या अंगणात नेली, तिथूनच ‘अंगणवाडी’ हा शब्द. ‘क ख ग घ’ या क्रमाऐवजी आकार सारखे असलेली ‘ग म भ न’ आधी घेण्याची पद्धत रुळली. हाताला ते सोपं, डोळ्याला मात्र नाही: भ आणि म एकाच आठवड्यात आले की हमखास उलटसुलट होतात. बाराखडीचं गणित तर सरळच आहे. ३४ व्यंजनं गुणिले १२, म्हणजे ४०८ रूपं. ती सुरात पाठ होतात, पण मधलंच ‘के’ दाखवलं तर मूल ‘क, का, कि, की’ असं मोजत तिथवर येतं. हे पाठांतर झालं, वाचन नव्हे.

खानदेशात अक्षरांचा पहिला गट निवडताना घरचे शब्द हाताशी ठेवले तर काम निम्मं होतं. म, न, य, व, र ही पाच अक्षरं, काना आणि दुसरी वेलांटी. एवढ्यात मी, माय, मामा, मामी, नाना, वारा, नवरी, वावर, मना, मनी असे शब्द बनतात. ‘मना-मनी’ म्हणजे माझा-माझी, हे अहिराणी घरात रोजचं. पहिली वेलांटी मुद्दाम मागे ठेवावी. ती लिहायची अक्षराआधी आणि म्हणायची नंतर, म्हणून मुलं ‘कि’ला ‘इक’ म्हणून बसतात. ‘च’चे दोन उच्चार (चार, चाक) शब्दातूनच येऊ द्यावेत, नियम सांगू नये. जोडाक्षरं शेवटी, त्यातही र्क, क्र, ट्र ही ‘र’ची सोंगं वेगवेगळ्या आठवड्यांत.

रोज दहा मिनिटं मुलाचं वाक्य फळ्यावर घ्यावं, त्याने म्हटलं तसंच: ‘मनी माय वावरमा गयी.’ त्याखाली ‘माझी आई शेतात गेली.’ दोन्ही बोट ठेवून वाचायची. मग पट्टीवर लिहून शब्द कापायचे, मिसळायचे, पुन्हा लावायला द्यायचे. चार शब्दांपेक्षा लांब वाक्य नको. वरचं वाक्य खोडून खालचं लिहिलं की सगळा खटाटोप वाया जातो. वरचं राहू द्यायचं.

‘ळ’ तिसऱ्या-चौथ्या गटात घ्यावा आणि उघडपणे सांगावं: घरी डोया, पुस्तकात डोळा. ‘काया’ला पुस्तकात वेगळा अर्थ आहे, हे सांगितलं की मुलांना मजाच वाटते. एकेका मुलाचं वाचन मिनिटभर ऐकताना चुकांच्या तीन खुणा पुरतात. बोलीचा उच्चार असेल तर ‘ब’, अक्षराची गल्लत असेल तर ‘अ’, पहिलं अक्षर बघून ठोकलेला अंदाज असेल तर ‘ठ’. ‘ब’ मोजायचा नाही आणि मध्ये थांबवायचंही नाही. ‘अ’ दुसऱ्या दिवशीच्या सरावात जातो. ‘ठ’ वाढले तर मजकूर जड आहे असं समजावं. अडलेल्या मुलाला पाचेक सेकंद द्यावेत, शेजारच्याने शब्द पुरवू नये.

धडगाव-अक्कलकुव्याकडे प्रश्न निराळा आहे. पावरी, भिली बोलणाऱ्या मुलाला ‘ब’ची खूण पुरत नाही, कारण तिथे उच्चार बरोबर येऊनही अर्थच लागत नाही. तिथे आधी काही महिने तोंडी मराठी, चित्रं आणि कृती, मग अक्षर. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवा म्हणतं. पण शिक्षक बदलून आलेला असतो आणि त्याला पावरी येत नसते, हे कलमात नाही.

२०२१ मध्ये आलेल्या ‘निपुण भारत’ या केंद्राच्या पायाभूत वाचन-गणिताच्या मोहिमेने तिसरीला मिनिटाला किमान ६० शब्द, अर्थासह, असं लक्ष्य ठेवलं. त्यामुळे हातात घड्याळ आलं. मराठीत ‘शाळेतल्यांसाठीसुद्धा’ हाही एकच शब्द मोजला जातो, म्हणून उतारा निवडताना लांब शब्द बघावेत. घड्याळासोबत फोनही आला, आणि वाचनाचा व्हिडिओ पालकांच्या ग्रुपवर जाऊ लागला. व्हिडिओत सहसा पाठ झालेला उताराच असतो. मूल खरंच वाचतंय का हे बघायचं तर तोच उतारा खालून वर, एकेक ओळ दाखवून वाचायला द्यावा. आणि ‘डोया’ म्हटल्यावर मागून हसणाऱ्याचा आवाज रेकॉर्ड झाला असेल, तर तो व्हिडिओ पाठवू नये.