धडाम एकदाच ऐकू येतं, पण सुरुंग तीस असतात

वाघोलीला मावशीकडे दुपारी जेवायला बसलं की खाणीवरचा भोंगा वाजायचा, मग मांडणीतली स्टीलची ताटं खणखणायची आणि त्याच्यानंतर धडाम. ताटं आधी का, हे मला लहानपणी कळायचंच नाही. आपला काळा पाषाण हादरा सेकंदाला काही किलोमीटर वेगाने नेतो आणि हवेतून आवाज येतो 340 मीटरने, एवढंच आहे ते.

पण खरी गंमत त्या धडाममध्ये आहे, कारण तो एक स्फोट नसतोच. समजा दगडात तीन ओळीत दहा-दहा होल मारलेत, प्रत्येकात 30 किलो स्फोटकाची दारू. ओळीत शेजारच्या होलला 17 मिलिसेकंदाचा (सेकंदाचा हजारावा भाग) डिले, म्हणजे मुद्दाम ठेवलेला उशीर, आणि मागच्या ओळीला 42 चा, म्हणजे पहिल्यापासून शेवटच्या होलपर्यंत 237 मिलिसेकंद, पापणी लवेपर्यंत सगळं खलास.

एवढीशी गॅप कशाला? तर दगडाला सरकायला जागा लागते. पुढची ओळ मोकळ्या कड्याकडे ढकलली गेली की मागच्या ओळीला नवीन मोकळी बाजू मिळते आणि दगड नीट फुटतो. सगळं एकदम उडवलं तर मागचे होल कोंडतात, मग जोर वर जातो आणि दगड उडतात, नाहीतर जमिनीत जातो. आणि उशीर झाला तरी वाईटच, पुढचा दगड आधीच सुटलेला असतो आणि गॅस तिथूनच फुस्स करून निघून जातो, मग एवढाले बोल्डर राहतात आणि ब्रेकर लावून ते फोडत बसा.

घरांना बसणारा हादरा तर मुख्यतः एका वेळी किती किलो फुटलं त्याच्यावर ठरतो, एकूण 900 किलोवर नाही. जुना ठोकताळा असा की 8 मिलिसेकंदाच्या आत फुटलेले होल एकत्रच धरायचे. आता वरचाच हिशोब बघा, पहिल्या ओळीतल्या सहाव्या होलला 17 चे पाच टप्पे म्हणजे 85 आणि तिसऱ्या ओळीतल्या पहिल्या होलला 42 चे दोन म्हणजे 84! कागदावर वेगळे दिसणारे दोन होल एकदमच गेले, 30 चे 60 किलो झाले. म्हणून चांगला ब्लास्टर, म्हणजे सुरुंग उडवणारा, आधी वही घेऊन बसतो, आणि मला हे काम ड्रिलिंगइतकंच महत्त्वाचं वाटतं.

होलपर्यंत स्फोटाचा सिग्नल नेणारी नळी पण भारी असते, बारीक प्लास्टिकची, आत स्फोटक पावडरचा पातळ थर, सिग्नल सेकंदाला सुमारे 2000 मीटर पळतो पण नळी फुटत नाही. होलच्या तळाशी साधारण 250 मिलिसेकंदाचा वेगळा डिले असतो, त्यामुळे पहिला दगड हलायच्या आत सिग्नल बाकीच्या होलात उतरलेला असतो, उडालेल्या दगडाने वरची नळी तुटली तरी फरक पडत नाही.

पण ह्या डिलेत जळणारा मसाला असतो आणि तो प्रत्येक वेळी अगदी सारखा जळत नाही, काही मिलिसेकंद इकडेतिकडे होतातच. इलेक्ट्रॉनिक डिटोनेटरमध्ये (डिटोनेटर म्हणजे होलातली दारू पेटवणारी नळकांडी) चिप असते, एकेक मिलिसेकंदाने वेळ सेट करता येते. महाग पडतात, पण वस्ती जवळ आली असेल तिथे तेच वापरायला हवेत असं मला मनापासून वाटतं, कारण मावशीच्या घराच्या आसपास आता सोसायट्याच सोसायट्या झाल्यात.