अडकलेले दोन स्क्रू, विरघळणारे तारामासे आणि एक जन्मतारीख

सप्टेंबर २०२३ मध्ये नासाच्या ओसायरिस-रेक्स यानाने टाकलेली कुपी अमेरिकेतल्या युटाच्या वाळवंटात पॅराशूटने उतरली. आत बेन्नू नावाच्या लघुग्रहावरची माती, सात वर्षांची मेहनत, सगळे शास्त्रज्ञ वाट बघतायत, आणि डबा उघडेना! झाकणाचे ३५ स्क्रू, त्यातले ३३ निघाले आणि २ जाम बसले. तुमच्याआमच्या घरी असं झालं तर आपण जरा तेल सोडतो, नाहीतर पक्कड घेऊन जोर लावतो, पण इथे तसलं काहीच चालणार नव्हतं कारण डबा नायट्रोजन भरलेल्या बंद पेटीत होता, त्यात हात घालायचे ते पेटीला जोडलेल्या हातमोज्यांतून, आणि आत न्यायची हत्यारंसुद्धा ठरलेल्या धातूंचीच. मग त्या दोन स्क्रूंसाठी खास स्टीलची नवीन हत्यारं बनवली, आधी डमी डब्यावर प्रॅक्टिस केली, आणि जानेवारी २०२४ मध्ये एकदाचे ते निघाले.

यातली गंमत म्हणजे तोपर्यंत डब्याच्या बाहेर सांडलेली आणि फटीतून चिमट्याने काढलेली मिळून ७० ग्रॅम माती हातात आलीच होती, आणि मोहिमेचं टार्गेट होतं फक्त ६० ग्रॅमचं. म्हणजे घाईत काहीतरी करून मोकळं व्हायचा मोह होण्यासारखी परिस्थिती होती, पण साडेतीन महिने थांबले. शेवटी भरली १२१.६ ग्रॅम.

एवढा सोवळेपणा कशासाठी, तर अवकाशातले दगड आपल्याकडे उल्का म्हणून फुकटात पडतच असतात, पण ते पडल्या क्षणापासून बाटतात. १८६४ मध्ये फ्रान्समध्ये ऑर्गेल नावाच्या गावाजवळ एक प्रसिद्ध उल्का पडली होती, तिच्यात क्षारांच्या पांढऱ्या शिरा दिसायच्या आणि ते क्षार अवकाशातलेच असं बरीच वर्षं धरून चालले होते. नंतर लक्षात आलं की त्या शिरा इथल्याच, संग्रहालयातल्या हवेच्या दमटपणाने तयार झालेल्या! बेन्नूच्या मातीला मात्र आपली हवा लागूच दिली नाही, म्हणून जानेवारी २०२५ मध्ये जे निकाल आले त्यात सोडियम कार्बोनेट, फॉस्फेट, साधं मीठ धरून तब्बल ११ खनिजं अशी सापडली जी खारट पाणी हळूहळू आटत गेलं की मागे उरतात. म्हणजे बेन्नू ज्या मोठ्या पिंडाचा तुकडा आहे त्याच्या पोटात कधीकाळी खाऱ्या पाण्याची डबकी होती. त्याच मातीत प्रथिनं बनवायला लागणाऱ्या २० अमिनो आम्लांपैकी १४ मिळाली, डीएनए आणि आरएनएची अक्षरं म्हणतो ती पाचही मिळाली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये रायबोज आणि ग्लुकोज या साखरासुद्धा सापडल्याचं जाहीर झालं.

यावरून 'लघुग्रहावर जीवन' वगैरे हेडलाइनी आल्या त्या सोडून द्या, विटा सापडल्या म्हणजे घर सापडलं असं होत नाही. मला स्वतःला जास्त भारी वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. अमिनो आम्लं आपल्या दोन हातांसारखी डावी-उजवी अशी दोन प्रकारची असतात, आणि पृथ्वीवरचे सगळे जीव प्रथिनांसाठी फक्त डावी वापरतात, का ते कोणालाच नीट कळलेलं नाही. काही उल्कांमध्ये डावी जास्त सापडली होती त्यामुळे असा अंदाज होता की हा डावरेपणा आपल्याला अवकाशातूनच मिळाला असेल. आणि बेन्नूत बघतात तर डावी-उजवी जवळपास निम्मी-निम्मी. म्हणजे एक तर तो आवडता अंदाज लंगडा पडला, आणि दुसरं म्हणजे ही आम्लं कुणाच्या हाताची घाण नाहीत याची खात्रीही पटली, कारण पृथ्वीवरची असती तर डावीच जास्त दिसली असती.

हे सगळं एवढं सांगायचं कारण असं की गेल्या दोन-तीन वर्षांतल्या गाजलेल्या शोधांबद्दल वाचताना मला सारखं एक जाणवतंय, बातमीत येतं की अमुक सापडलं, पण ते सापडणं अवलंबून असतं नमुना कुठून घेतला आणि कसा जपला त्यावर. हे काय फक्त अवकाशापुरतं नाही.

तारामाशांचंच बघा. २०१३ मध्ये उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, मेक्सिकोपासून अलास्कापर्यंत, तारामासे मरायला लागले आणि मरायची पद्धत इतकी विचित्र की भयपटात शोभावी. आधी अंगावर फोड येतात, मग हात पिळवटायला लागतात, मग एकेक हात धडापासून तुटून स्वतःच चालत निघून जातो, आणि शेवटी सगळ्याचा लगदा होतो. वीसच्या वर प्रजातींना हा रोग झाला आणि सगळ्यात वाईट तडाखा बसला सूर्यफूल तारामाशाला. हा प्राणी म्हणजे आपण चित्रात काढतो तसला पाच हातांचा गरीब तारामासा नव्हे, याला २४ पर्यंत हात, आकार मीटरभर, आणि समुद्राच्या तळावर तो चक्क शिकार करत धावतो. त्याचे ९० टक्क्यांहून जास्त गेले. तो ज्या सी-अर्चिनना (काटेरी चेंडूसारखे समुद्री प्राणी) खातो ते मग मोकाट सुटले, त्यांनी केल्प नावाच्या उंच समुद्री शेवाळाची जंगलं मुळापासून चरून टाकली, आणि उत्तर कॅलिफोर्नियात तर नव्वद टक्क्यांहून जास्त केल्प साफ झालं (त्यात समुद्र तापल्याचाही हात होता, सगळं खापर अर्चिनवर नको).

गुन्हेगार कोण हे शोधायला १२ वर्षं लागली. २०१४ मध्ये एका विषाणूवर संशय गेला होता, शोधनिबंधही आला, पण नंतर तोच विषाणू धडधाकट तारामाशांतही निघाला आणि केस पुन्हा उघडी. मग कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियातल्या हाकाई इन्स्टिट्यूटच्या मेलनी प्रेंटिस, अलिसा गेमन आणि त्यांच्या टीमने कित्येक प्रयोग केले, आजारी तारामाशाचा अर्क निरोगी तारामाशाला टोचायचा, आणि शेजारच्या टाकीतल्या भावंडाला तोच अर्क गरम करून टोचायचा. गरम केलेला टोचलेले मजेत, कच्चा टोचलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांच्या वर मेले. म्हणजे अर्कात काहीतरी जिवंत आहे जे उष्णतेने मरतं. पण काय?

इथे खरी मेख आहे. आधीचे बहुतेक लोक तारामाशाचं मांस, त्वचा, असल्या घन भागांचे तुकडे घेऊन तपासत होते. तारामाशाला आपल्यासारखं रक्त नसतं, अंगातल्या पोकळीत एक पाणीदार द्रव खेळत असतो तोच त्याचं रक्त समजा. प्रेंटिसच्या टीमने तो द्रव तपासला, आजारी आणि निरोगी शेजारी शेजारी ठेवून, तेव्हा एक जीवाणू आजाऱ्यांमध्ये ठळक दिसायला लागला, व्हिब्रिओ पेक्टेनिसिडा, कॉलऱ्याच्या जंतूचाच भाऊबंद. मग तो वेगळा काढून वाढवला, निरोगी तारामाशांना दिला, ते तसेच पिळवटून मेले, त्यांच्यातून पुन्हा तोच मिळाला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये निकाल छापून आला. बारा वर्षं चोर घरातच होता, आपण दुसऱ्या खोलीत शोधत होतो. आधीच्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही म्हणा, लगदा झालेल्या प्राण्यात हजार प्रकारचे जंतू असतात, त्यातला कोणता मारणारा आणि कोणता नुसता मढ्यावर ताव मारायला आलेला हे ओळखणार कसं. आता निदान असं आहे की बंदिस्त जागेत वाढवलेली पिल्लं समुद्रात सोडायच्या आधी त्यांना हा जंतू आहे का ते तपासून घेता येईल.

वैद्यकशास्त्रात नमुना म्हणजे माणसं, आणि तिथे तर जास्तच घोळ. लस घेणारी माणसं आणि न घेणारी माणसं मुळातच वेगळी असतात ना, घेणारे जरा तब्येतीला जपणारे, चालायला जाणारे, डॉक्टरकडे वेळेवर जाणारे. त्यामुळे 'लस घेतलेल्यांना अमुक आजार कमी झाला' असं कोणी म्हणालं की पहिला प्रश्न हाच की लसीमुळे कशावरून.

वेल्समध्ये या प्रश्नाला आयतं उत्तर मिळालं आणि ते कोणी ठरवून केलेलं नव्हतं. तिथे १ सप्टेंबर २०१३ ला नागिणीची लस द्यायला सुरुवात झाली, साठा मर्यादित म्हणून नियम केला की २ सप्टेंबर १९३३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांनाच मिळेल, त्याआधीच्यांना कधीच नाही. आता त्या तारखेच्या एक आठवडा आधी जन्मलेला म्हातारा आणि एक आठवडा नंतर जन्मलेला म्हातारा यांच्यात काय फरक असणार, खाणंपिणं तेच, शिक्षण तेच, दुखणी तीच. पण लस घेणाऱ्यांचं प्रमाण त्या एका रेषेवर ०.०१ टक्क्यावरून एकदम ४७ टक्क्यांवर उडी मारतं. स्टॅनफर्डच्या पास्कल गेल्डझेत्सर यांच्या टीमने २ लाख ८० हजारांहून जास्त लोकांच्या आरोग्य नोंदींमधून हीच रेष धरली आणि एप्रिल २०२५ मध्ये सांगितलं की लस घेतलेल्यांमध्ये पुढच्या ७ वर्षांत डिमेन्शियाचं (स्मरणशक्ती आणि विचारशक्ती ढासळत जाण्याचं) निदान होण्याचं प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी कमी होतं. २० टक्के ऐकायला फार मोठं वाटतं म्हणून दुसऱ्या भाषेतही सांगतो, १०० जणांमागे साधारण साडेतीन जण कमी. तरीही पुष्कळच. बायकांमध्ये परिणाम जास्त दिसला.

नागीण होते ती लहानपणीच्या कांजिण्यांच्या विषाणूमुळे, कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो जात नाही तर मज्जातंतूंमध्ये झोपून राहतो आणि म्हातारपणी उठतो, त्यामुळे मेंदूशी संबंध असणं अगदीच हवेतलं नाही. पण नेमकं होतं काय, विषाणू दबून राहतो म्हणून सूज कमी होते की लसीने एकूणच प्रतिकारशक्ती जागी होते, यावर अजून वाद चालू आहे. आणि ती लस अशक्त केलेल्या जिवंत विषाणूची होती, आता बऱ्याच ठिकाणी जिवंत विषाणू नसलेली नवीन लस देतात, तेव्हा इथला आकडा जसाच्या तसा तिला चिकटवू नका.

शेवटी पेशीची गोष्ट, ही माझी सगळ्यात लाडकी. हवेत ७८ टक्के नायट्रोजन, पण त्याचे दोन अणू एकमेकांना असे घट्ट धरून बसलेले असतात की झाडं, प्राणी, बुरशी, कोणालाच तो थेट वापरता येत नाही, ते जमतं फक्त काही जीवाणूंना. शाळेत आपण हेच शिकलो. १९९८ मध्ये जोनाथन झेर या सागरी शास्त्रज्ञांना पॅसिफिकच्या पाण्यात डीएनएचा एक छोटासा तुकडा मिळाला, नायट्रोजन पकडणाऱ्या कुठल्यातरी अनोळखी जीवाणूचा. जीवाणू दिसेना, वाढवता येईना, नुसता तुकडा. त्याला यूसीवायएन-ए असं नंबरप्लेटसारखं नाव दिलं. तिकडे जपानमध्ये क्योको हागिनो या बाई वेगळ्याच नादात होत्या, त्यांना समुद्रातलं एक सूक्ष्म शेवाळ प्रयोगशाळेत वाढवायचं होतं. दिसायला ते फार सुरेख, अंगाभोवती चुन्याच्या बारा पंचकोनी चकत्या जोडून केलेला चेंडू. ३०० च्या वर वेळा समुद्रावर जाऊन पाणी आणलं, दहा वर्षांहून जास्त काळ घालवला, तेव्हा कुठे ते भांड्यात जगलं. आणि झेरांचा तो बेपत्ता जीवाणू राहत होता याच शेवाळाच्या पोटात!

जिवंत शेवाळ हाताशी आल्यावर मग क्ष-किरणांनी पेशीचं आतून चित्र घेता आलं. पेशी दोन व्हायच्या आधी आतला तो ऐवजही बरोबर दोन होतो आणि एकेक वाटणीला येतो, मागे-पुढे नाही. शिवाय त्याला लागणारी जवळपास निम्मी प्रथिनं तो स्वतः बनवतच नाही, यजमान पेशी बनवते आणि प्रत्येकाला पत्त्याची चिठ्ठी चिकटवून आत पाठवते. एवढं परावलंबी झाल्यावर त्याला पाहुणा कसं म्हणायचं, तो पेशीचाच अवयव झाला. एप्रिल २०२४ मध्ये त्याचं बारसं झालं, नायट्रोप्लास्ट. मायटोकॉन्ड्रिया (पेशीला ऊर्जा पुरवणारा अवयव) आणि हरितलवक (झाडाच्या पेशीत उन्हावर अन्न बनवणारा अवयव) यांच्या पंगतीत बसणारा, आणि जीवाणूचा असा पेशीचा अवयव झाल्याची एकूण उदाहरणं चारच माहीत आहेत.

आता लगेच लोक विचारायला लागलेत की हा नायट्रोप्लास्ट पिकांमध्ये बसवला तर नायट्रोजनसाठी खत घालायची गरजच संपेल का. कागदावर दिसतं छान. पण त्या शेवाळाला हा पाहुणा मुरवून घ्यायला सुमारे १० कोटी वर्षं लागली, आणि नुसतं ते शेवाळ भांड्यात जगवायला हागिनोबाईंना दहाच्या वर.